तिसरीतल्या मुलीला अभ्यासाव्यतिरिक्त घरी कोणते उपक्रम द्यावेत?

आपली मुलगी सांगलीत तिसरीला आहे, शाळा सुटल्यावर तिच्याकडे रोज दोन तास मोकळे असतात, आणि चित्रकला, अबॅकस, हस्ताक्षर यांपैकी एखादा क्लास लावावा की घरीच काही उपक्रम द्यावेत, असे आपण विचारले आहे. मिरज तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षे तिसरी-चौथीला शिकवते आहे. क्लास लावायला माझी हरकत नाही, पण त्याआधी तिला स्वतः रोज पाहायची, मोजायची आणि लिहून ठेवायची अशी एकच गोष्ट द्यावी आणि ती निदान दोन-तीन महिने चालू द्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. सुरुवातीच्या वर्षांत मीही दर आठवड्याला नवा प्रकल्प देत असे. तेव्हा थर्माकोलचे देखणे नमुने शाळेत यायचे, पण त्याबद्दल दोन प्रश्न विचारले की मुले गप्प व्हायची, कारण ते काम रात्री जागून आईवडिलांनी केलेले असायचे.

पावसाळ्याचे दिवस असतील तर पर्जन्यमापकापासून सुरुवात करा. सरळ उभ्या कडांची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तिचा वरचा निमुळता भाग आपण कापून द्या आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. अशा बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची खूण करायची आणि त्याच्या वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. पागोळ्या किंवा झाडाचे पाणी पडणार नाही अशा उघड्या जागी, दोन विटांच्या आधाराने ती ठेवावी. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते, तीच वेळ तिनेही पाळावी. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणावे. त्यामुळे वर्तमानपत्रातला आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहता येतो, आणि दोन्ही आकडे वेगळे का आले हा विचार तिचा तिलाच सुचतो.

आमच्या वर्गात एकदा यावरून वाद झाला. बाटलीपेक्षा तेलाच्या चौकोनी डब्यात पाऊस जास्त मोजला जाईल, कारण त्याचे तोंड मोठे आहे, असे निम्म्या वर्गाचे म्हणणे होते. मी उत्तर दिले नाही. वरचा पत्रा पूर्ण कापलेला डबा आणि बाटली शेजारी-शेजारी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींत पट्टी धरली, तेव्हा उंची जवळजवळ सारखीच निघाली. मोठ्या तोंडातून पाणी जास्त आले, पण ते तितक्याच मोठ्या तळावर पसरले, हे एका मुलीने हात पसरून सगळ्यांना समजावून सांगितले. मग आम्ही पटांगणात खडूने एक चौरस मीटरचा चौकोन आखला आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या चौकोनात एक लिटर पाणी, हे लिटरच्या मापाने ओतून पाहिले. क्षेत्रफळाचा धडा त्यानंतर शिकवायला घेतला, तो मुलांना जड गेला नाही.

सांगलीच्या मुलांसाठी या नोंदीला आणखी एक अर्थ आहे. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी किती फूट झाली, हे पावसाळ्यात इथल्या प्रत्येक घरात बोलले जाते. ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. वहीत पावसाच्या रकान्याशेजारी हाही रकाना ठेवा. काही दिवसांतच ती आपल्याला विचारेल की आपल्याकडे पाऊस शून्य असताना नदी कशी चढली. हा प्रश्न आला की लगेच उत्तर न देता नकाशा समोर ठेवा आणि तिच्या बोटाने महाबळेश्वरपासून वाईमार्गे कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापर्यंत, जिथे कोयना येऊन मिळते, आणि तिथून सांगलीपर्यंत कृष्णा रेखाटू द्या. वारणा सांगलीच्या थोडी पुढे हरिपूरला मिळते, आणि तिलाही पूर असला की कृष्णेचे पाणी तुंबते, हेही तिला दाखवा. नंतर हरिपूरच्या संगमावर, पाणी ओसरल्यावर, प्रत्यक्ष घेऊन जा. ज्या मुलांनी पूर पाहिला आहे, त्यांच्या मनातली भीती अशा समजुतीने थोडी हलकी होते, हे मी पाहिले आहे.

पाऊस नसेल तर हळद आहेच, आणि सांगलीत तिची वाण नाही. पाण्यात दाट कालवलेली हळद कोऱ्या कागदावर फासून सावलीत वाळवा व त्याच्या पट्ट्या कापा. साबणाचे पाणी लागताच पट्टी तांबूस होते, चुन्याच्या निवळीने लालभडक होते आणि त्याच लाल डागावर लिंबू पिळले की पिवळेपणा परत येतो. (निवळी मात्र आपणच काढून द्यावी, चुना मुलांच्या हाती देऊ नये.) प्रत्येक पदार्थ लावण्याआधी काय होईल याचा अंदाज तिने वहीत लिहिला पाहिजे, अंदाज नसेल तर ती नुसती जादू होते. आमच्याकडे एका मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले, ‘‘बाई, शर्टावरचा कालवणाचा डाग धुताना लाल का होतो, ते मला कळलं.’’ असे वाक्य ऐकले की मला त्या आठवड्याचा पाठ पूर्ण झाल्यासारखा वाटतो.

आठवडी बाजारात शंभर रुपये हातात देऊन भाजी आणायला सांगणे, आजीकडून तिच्या लहानपणच्या खेळांची माहिती लिहून घेणे, हेही चांगलेच. पण सगळे एकदम सुरू करू नका.

आपल्याकडून एकच पथ्य पाळले जावे. तिच्या वहीतले शुद्धलेखन तपासू नका आणि चुकलेला आकडा खोडून बरोबर लिहून देऊ नका. एखाद्या दिवशी नोंद राहिली, तर तो रकाना कोरा राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत साठलेले पाणी दोन दिवसांचे आहे, हे तिला स्वतःला लक्षात येईपर्यंत थांबा.