जपानी भयपटांत भुतं टीव्ही, फोन, इंटरनेटमधूनच का येतात?

तुम्ही विचारलंय की जपानी भयपटांतली भुतं अशी यंत्रांमधून का येतात, आणि ते सिनेमे संपल्यावर भीतीपेक्षा उदासच जास्त का वाटतं. मी एकाच सिनेमाच्या आधाराने उत्तर देते, कारण उदासीचं कारण मला त्या सिनेमामुळेच कळलं. कियोशी कुरोसावा यांचा 2001 सालचा ‘काइरो’. काइरो म्हणजे सर्किट. (हे कुरोसावा वेगळे, अकिरा कुरोसावांशी त्यांचं काही नातं नाही.) पुढे बरंच कथानक सांगावं लागणार आहे. सिनेमा आधी बघायचा असेल तर इथे थांबा.

त्याआधी ‘रिंगू’. हिदेओ नाकाता यांच्या 1998 च्या या सिनेमात एक व्हिडिओ कॅसेट बघितली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी माणूस मरतो. त्या कॅसेटमागचं भूत, सादाको, टीव्हीच्या काचेतून सरपटत बाहेर येते ते दृश्य तुम्ही बघितलं असेलच. पण सादाको जुन्या घराण्यातली आहे. अन्याय सोसून मेलेली बाई, मोकळे केस, पांढरे कपडे, सूड. जपानीत अशा आत्म्याला ‘ओनऱ्यो’ म्हणतात, आणि ओइवा नावाची अशी एक बाई 1825 पासून काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाच्या रंगमंचावर आहे. कॅसेट हे तिचं नवं वाहन, एवढंच. शिवाय शापाला तोडगाही आहे: नक्कल काढून दुसऱ्याला दाखवा, तुम्ही सुटलात. आपल्या गावाकडच्या भुतांचंही असंच असतं. मुंजा कुठल्या पिंपळावर आहे ते गावाला ठाऊक असतं, तिन्हीसांजेला दहीभाताचा उतारा ठेवला जातो. भुताला काहीतरी हवं असतं, म्हणून त्याच्याशी बोलणी करता येतात.

‘काइरो’तल्या भुतांना तुमच्याकडून काहीच नको आहे. ती रागावलेली नाहीत, कोणाचा गळा धरत नाहीत. मेलेल्यांच्या जगात जागा उरलेली नाही असा एक तर्क सिनेमात येतो, आणि ती आपल्या जगात झिरपू लागतात. कावाशिमा नावाचा एक विद्यार्थी घरी नवीन इंटरनेट जोडतो. मोडेमचा तो करकर आवाज होतो आणि पडद्यावर वेगवेगळ्या अंधाऱ्या खोल्या दिसू लागतात. प्रत्येक खोलीत एकेक माणूस, नुसता बसलेला किंवा येरझाऱ्या घालणारा. पुढे प्रश्न उमटतो, भुताला भेटायचंय का? दुसरीकडे मिची ही रोपवाटिकेत काम करणारी मुलगी, तिचे सहकारी एकामागून एक गप्प होत जातात. दारांच्या फटींवर लाल चिकटपट्ट्या लावलेल्या खोल्या दिसू लागतात. माणसं मरतात म्हणण्यापेक्षा विरून जातात, आणि भिंतीवर माणसाच्या आकाराचा काळा डाग तेवढा राहतो.

यात एक दृश्य आहे, ते मी दहा वेळा तरी बघितलं असेल. मिचीचा सहकारी याबे तसल्या एका खोलीत शिरतो. खोलीच्या टोकाला एक बाई उभी आहे. ती सावकाश त्याच्याकडे चालत येते, आणि मध्येच तिचा पाय मुडपतो, शरीर वाकडं होतं, मग सावरून ती पुन्हा चालू लागते. कॅमेरा धावत नाही, दचकवणारा आवाज नाही. दचकलो असतो तर सुटलो असतो. इथे आपण त्या बाईकडे बघत राहतो आणि ती येतच राहते. कॅमेरामन जुनइचिरो हायाशी यांचं हे काम (‘रिंगू’ही त्यांनीच चित्रित केला होता). माणूस चौकटीच्या एका कडेला आणि बाकी सगळी खोली रिकामी, असं ते पुन्हा पुन्हा करतात. मग त्या रिकाम्या भागात नजर आपोआप काहीतरी शोधू लागते.

मी हा सिनेमा जपानमधल्या कावासाकी शहरात बघितला. पुण्यात जपानी शिकून कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं तिथे होते, एका खोलीच्या घरात एकटी. त्या शनिवार-रविवारी दुकानातल्या मुलाला पिशवी नको म्हणाले, तेवढंच काय ते माझं जपानीतलं बोलणं. रविवारी सांगलीला आईशी व्हिडिओ कॉल लावला आणि रेंज गेली. आईचा चेहरा अर्ध्या वाक्यात, तोंड उघडं, पडद्यावर तसाच गोठून राहिला. माझा आवाज तिला जात होता की नाही कळत नव्हतं, तरी मी हॅलो हॅलो करत होते. त्याच रात्री ‘काइरो’ लावला. त्या अंधाऱ्या खोल्यांतली माणसं दिसली तेव्हा मला भुतं आठवलीच नाहीत.

हे सगळं जपानमध्येच का घडलं, तर तो काळही तसा होता. शेअर आणि जमिनीच्या भावांचा फुगा फुटून दहा वर्षं होत आली होती. 1995 मध्ये कोबेचा भूकंप आणि टोकियोच्या मेट्रोतला विषारी वायूचा हल्ला, दोन्ही झाले. 1998 मध्ये वर्षभरातल्या आत्महत्यांनी तीस हजारांचा आकडा ओलांडला. त्याच वर्षी तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकामुळे ‘हिकिकोमोरी’ हा शब्द घरोघरी पोचला: खोलीचं दार लावून वर्षानुवर्षं आत राहणारी तरुण मुलं. आणि नेमकं याच सुमारास प्रत्येक खोलीत इंटरनेट येत होतं. लाल पट्टीने बंद केलेलं दार त्या प्रेक्षकांना कोणाची आठवण करून देत असेल, विचार करा.

सिनेमातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक प्रोग्रॅम चालू असतो. पडद्यावर ठिपके फिरतात. दोन ठिपके फार जवळ आले तर नष्ट होतात, फार लांब गेले तर पुन्हा एकमेकांकडे ओढले जातात. तिथे काम करणारी हारुए म्हणते की माणसंही अशीच, जोडलेली कधीच नसतात. मला यात कुरोसावा यांचं तंत्रज्ञानाबद्दलचं खरं म्हणणं दिसतं. इंटरनेटने माणसाला एकटं पाडलं असं ते म्हणत नाहीत. एकटेपणा आधीपासून होता. तारेने एवढंच केलं की शेजारच्या खोलीतला एकटेपणा आपल्याला दिसू लागला, आणि दिसूनही त्या खोलीत जाता येत नाही. मेल्यावर तरी कोणी भेटेल ही हारुएची आशा. तर भूत येऊन सांगतं की मरण म्हणजे कायमचा एकटेपणा. यावर उतारा कसला ठेवणार?

हारुएचं शेवटाकडचं दृश्य मला सर्वांत जड जातं. तिच्या कॉम्प्युटरवर तिचीच खोली दिसते, पाठमोरी ती स्वतः. म्हणजे मागून कोणीतरी तिला बघतंय. ती किंचाळत नाही. उठते, चालत जाते आणि त्या दिसत नसलेल्या कोणालातरी मिठी मारते. मी एकटी नाही, असं म्हणते.

बघायचाच असेल तर मूळ जपानीच बघा. 2006 चा अमेरिकन अवतार घाईघाईत दचकवत सुटतो आणि हे सगळं हरवून बसतो. नंतर नाकाता यांचाच 2002 चा ‘डार्क वॉटर’ घ्या. त्यात यंत्र नाही, छतातून गळणारं पाणी आणि घटस्फोटाच्या खटल्यात अडकलेली एकटी आई आहे. आणि लोक ‘काइरो’ मध्यरात्री एकट्याने बघायला सांगतात, ते ऐकू नका. कोणाला तरी शेजारी बसवून बघा.