सामान बांधण्याआधी सातबारा बघा

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो. यजमान अंबडच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहेत. गेल्या महिन्यात आम्हा चौघांचा ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा, व्हिसा आला. मुलगा सहावीत, मुलगी पहिलीत. परीक्षा झाल्या की एप्रिलमध्ये सगळ्यांनी मेलबर्नला कायमचं जायचं चाललंय. सासूबाई ७१ वर्षांच्या, पेन्शनर आहेत. त्या म्हणतात, ‘मी इथेच बरी.’ फ्लॅट यजमानांच्या नावावर आहे. तो विकून टाकावा आणि सासूबाईंनी दिंडोरीला दिरांकडे राहावं, असं यजमानांचं मत. दिंडोरीजवळ आमची वडिलोपार्जित द्राक्षबाग दोघा भावांच्या नावावर आहे. दीर म्हणतात, ‘परदेशी गेलात की शेती नावावर राहत नाही, त्यापेक्षा आत्ताच हक्कसोड करून द्या.’ हे खरं आहे का? घरात रोज नव्या याद्या होतात, पण सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात कामं डझनभर आहेत, पण त्यातली दोनच अशी आहेत की जी एकदा केली की परत फिरवता येत नाहीत : हक्कसोड आणि फ्लॅटची विक्री. नेमकी तीच दोन घाईनं उरकायला निघाला आहात. बाकीच्या याद्या फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आधी शेती. दिरांना भांडण न करता, चहा पुढे ठेवून सांगा, की परदेशी गेल्यानं सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. परकीय चलनाचा कायदा, ज्याला बँकेत आम्ही फेमा म्हणतो, तो अनिवासी भारतीयाला इथे नवी शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घ्यायला मनाई करतो. जी जमीन इथे राहत असताना नावावर होती किंवा जी वारशानं आली, ती ठेवायला त्याची काहीच हरकत नाही. पुढेमागे ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलंत आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) काढलंत तरीही ती तुमचीच. विकायची वेळ आली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागेल, आणि आपल्या महाराष्ट्रात घेणारा शेतकरीही असावा लागतो. म्हणजे दीर म्हणतात त्याच्या बरोबर उलटं आहे. आज सोडलेली बाग तुमच्या यजमानांना मेलबर्नहून पुन्हा विकत घेता येणार नाही. हक्कसोडपत्र हा नोंदणीचा दस्त असतो. वर्षभरानं मन बदललं म्हणून तो रद्द होत नाही.

दिरांच्या मनात काळंबेरं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांची अडचण खरी आहे. सामाईक खातं असलं की सोसायटीचं पीककर्ज, अवकाळीची नुकसानभरपाई, पीकविमा, विजेचं कनेक्शन, प्रत्येक ठिकाणी दोघांच्या सह्या किंवा संमती लागते. ऑक्टोबरात छाटणीच्या ऐन गडबडीत कर्जाचा कागद भावाच्या सहीसाठी अडून बसला, तर माणूस चिडणारच. त्यावर उपाय दोन. दोघांचं जमत असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून खातेफोड करून घ्या. ज्याचा त्याचा सातबारा वेगळा झाला की निम्मी कटकट मिटते. नाही तर यजमानांनी दिरांच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करून द्यावं. त्यात काय काय चालेल ते एकेक करून लिहा : पीककर्ज, विमा, भरपाई, वीज, मोजणी. आणि विक्री, गहाण, बक्षीसपत्र चालणार नाही, हेही स्पष्ट लिहा. ‘सर्व अधिकार’ असा छापील मसुदा वकिलानं पुढे सरकवला तर तो तसाच मागे सरकवा. दस्त जाण्याआधी नाशिकलाच करून नोंदवून टाका. तिकडून करायचा म्हटलं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का), मग कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क, अशी वरात निघते.

एक सवय मात्र लावून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि ‘आपली चावडी’वर गावातल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात. महिन्यातून एकदा मेलबर्नमध्ये चहा पीत बघायच्या. भावावर अविश्वास म्हणून नव्हे. नोंदी चुकतात, आणि हरकतीची मुदत कुणासाठी थांबत नाही.

आता सासूबाई. तुमच्या सगळ्या पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, आणि तुम्ही कुणीही त्याचं उत्तर दिलेलं नाही. ‘मी इथेच बरी’ यातलं ‘इथे’ म्हणजे इंदिरानगर की दिंडोरी, हे त्यांना कुणी विचारलंय का? ज्या बाईची सकाळ ठरलेल्या बागेत ठरलेल्या मैत्रिणींबरोबर जाते, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पेन्शनची बँक ओळखीची आहे, तिला एकाच महिन्यात मुलगा, नातवंडं आणि घर अशा तिन्हींपासून तोडू नका. फ्लॅट किमान एक वर्ष विकायचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. यजमान कराचा मुद्दा काढतील आणि तो बिनबुडाचा नाही. निवासी माणसानं ५० लाखांच्या वरचं घर विकलं तर घेणारा १ टक्का कर कापतो. विकणारा अनिवासी असला तर कपात कितीतरी मोठी होते, आणि जास्तीचा कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मिळवावा लागतो. त्यावर प्राप्तिकर खात्याकडून आधीच कमी कपातीचा दाखला घेता येतो. कटकट आहे, पण निस्तरता येणारी आहे. शिवाय सहा महिन्यांत मेलबर्न मानवलं नाही तर परत यायला स्वतःचं दार असेल.

सासूबाईंना मागाहून तिकडे नेऊ, असं यजमान मनात धरून असतील तर त्यांना आकडे दाखवा. ऑस्ट्रेलियाच्या साध्या एज्ड पेरेंट व्हिसाच्या नव्या अर्जाला ३० वर्षांच्या वर वाट बघावी लागेल, असं तिथलं खातंच सांगतं. ७१ वर्षांच्या बाईंसाठी याचा अर्थ काय, ते मी लिहायला नको. पैसे भरून मिळणाऱ्या प्रकारात दर माणशी लाखोंचा खर्च, आणि रांग तिथेही वर्षानुवर्षांचीच. ८७० क्रमांकाचा एक तात्पुरता व्हिसा आहे. त्यावर एका वेळी तीन किंवा पाच आणि एकूण जास्तीत जास्त दहा वर्षं राहता येतं. सुरुवातीला मात्र पर्यटक व्हिसाच धरून चाला, आणि त्या काळात मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही म्हणून चांगला विमा काढा.

इथे राहण्यासाठी त्यांना काय लागेल, ते तुम्ही दोघांनी त्यांच्यासमोर बसून लिहा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो. तो त्यांच्याकडूनच एकदा करून घ्या, तुम्ही शेजारी बसा, हात लावू नका. घरपट्टी, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स यजमानांच्या खात्यातून आपोआप जाऊ द्या. रात्री दोनला दार वाजवता येईल असा एक शेजारी आणि किल्ली असलेली एक व्यक्ती ठरवा. शक्यतो ती एकच नसावी.

बँकेचं थोडक्यात सांगते, कारण अनिवासी खात्यांच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. कायमचं जायला निघालात की साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे इथल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करावं लागतं. तिकडची कमाई इकडे पाठवायची असेल तर वेगळं एनआरई खातं उघडा. त्याचं व्याज इथे करमुक्त असतं, एनआरओचं नसतं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. म्युच्युअल फंड आणि डीमॅटचं केवायसीही बदलून घ्या.

आणि सिमकार्ड! याद्यांमध्ये ते कुणीच लिहीत नाही. आमच्याकडे ओझरच्या एक बाई यायच्या. मुलानं परदेशी जाताना स्वतःचा जुना नंबर ‘आईला राहू दे’ म्हणून देऊन टाकलेला. बँक, आधार, शेअर्स, सगळं त्याच नंबरला जोडलेलं. मुलगा तिकडे काहीही करायला गेला की ओटीपी ओझरला वाजायचा. बाई आकडे वहीत उतरवून, चष्मा लावून मुलाला वाचून दाखवायच्या, तोवर मुदत टळलेली असायची. मग एक दिवस असाच आकडा त्यांनी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या दुसऱ्याच कुणाला वाचून दाखवला. तर, यजमानांचा नंबर यजमानांबरोबर जाईल, रोमिंग चालू करून. सासूबाईंना त्यांचा स्वतंत्र नंबर. आणि नंबर ९० दिवस वापरलाच नाही, शिल्लकही नसली, तर तो बंद होऊ शकतो, म्हणून छोटं रिचार्ज चालू ठेवा.

मुलांच्या कागदांत शाळेचा दाखला आणि गुणपत्रकं सगळेच घेतात. लसीकरणाचं कार्ड मात्र बहुतेकांचं भलतंच असतं. डॉक्टरांच्या अक्षरात, हळदीचा डाग पडलेलं, निम्म्या तारखा पुसलेल्या. तिथे मुलांच्या लसींची सरकारी नोंदवही असते. इथे घेतलेल्या लसी तिथल्या डॉक्टरकडून किंवा नर्सकडून तिच्यात चढवून घ्याव्या लागतात, आणि मेलबर्नमध्ये प्राथमिक शाळा प्रवेशाच्या वेळी त्या नोंदीचा उतारा मागते. म्हणून लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत टाइप करून डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. तुमचं स्वतःचंही बघा. लग्नात नाव बदललं असेल आणि पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद सोबत हवीच.

एप्रिलमध्ये सगळ्यांनी एकदम जाण्याबद्दल. व्हिसाच्या पत्रावर पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख असते, ती आधी बघा. ती आड येत नसेल तर यजमानांनी पुढे जावं आणि तुम्ही जूनअखेर मुलांना घेऊन जावं. मेलबर्नमध्ये सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणजे भाड्याचं घर आधी, शाळा मग. तिथलं शालेय वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं. एप्रिलमध्ये दुसरं सत्र, जुलैमध्ये तिसरं. जुलै म्हणजे तिथे ऐन थंडी, पण मुलांना हॉटेलच्या खोलीतून शाळेत पाठवण्यापेक्षा ते बरं. आणि मधल्या दोन महिन्यांत मुलगा घरात नाही, पण सून-नातवंडं आहेत, अशी सासूबाईंना सवय होईल.

सामानाचं फार मनाला लावून घेऊ नका. लाकडी देव्हारा, पाट, पोळपाट, मसाले, बेदाणे, जे काही झाडापासून किंवा प्राण्यापासून आलेलं आहे ते विमानातल्या कार्डावर जाहीर करायचं. न सांगितलं तर दंड, सांगितलं तर फार तर वस्तू जाते. तुळशीचं रोप आणि माती अजिबात नाही. औषधं तीन महिन्यांपुरती, चिठ्ठीसह. दागिने नेणारच असाल तर मुंबईला निघताना कस्टम्सकडून त्यांचा निर्यात दाखला घ्या, म्हणजे परत येताना ‘हे आमचंच’ म्हणून वाद नको. मी तुमच्या जागी असते तर पाटल्या-तोडे लॉकरमध्येच ठेवले असते.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांपूर्वी कॅनडाला स्थायिक झाला. त्याचा गंगापूर रोडचा फ्लॅट आम्ही भाड्यानं दिला आहे. भाडं त्याच्या जुन्या बचत खात्यात जमा होतं. भाडेकरू म्हणतो, कर कापायची गरज नाही. बरोबर का?
— एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. घरमालक अनिवासी असला की भाडं कितीही असो, भाडेकरूनं ३० टक्के आणि वर उपकर कापून भरायचा असतो. मुलाचं इथलं उत्पन्न कमी असेल तर तो विवरणपत्र भरून पैसे परत मागू शकतो. ते जुनं बचत खातं आधी एनआरओ करून घ्या, भाडं तिथेच येऊ दे. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवला आहे ना? महाराष्ट्रात ती नोंदणी घरमालकाची जबाबदारी आहे. आणि करारावर तुम्ही सही केली असेल तर मुलाचं मुखत्यारपत्र तुमच्याकडे असायला हवं. ‘मी वडील आहे’ एवढं निबंधकांना पुरत नाही.

प्रश्न : मुलगी न्यूझीलंडला कायमची चालली आहे. तिचं आधार आणि मतदार कार्ड परत करावं लागतं का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आधार परत करायचं नसतं. पासपोर्टही, ती भारतीय नागरिक आहे तोवर, तिचाच. (तुम्ही नाशिकरोडचे, म्हणजे तो तुमच्याच गावच्या प्रेसमध्ये छापला गेला हे मी सांगायला नको.) तिथलं नागरिकत्व घेतलं तर मात्र तो सरेंडर करावा लागतो, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मतदार यादीतलं साधं नाव कमी करून तिनं नमुना ६अ भरावा, म्हणजे पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव लागेल. मत द्यायला तिला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागेल.