डीपीपीएचमध्ये पहिला, तेलात नापास: आंब्याच्या सालीच्या अर्काचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आंब्याच्या सालीचा 70 टक्के इथेनॉलमध्ये काढलेला अर्क डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या चाचणीत व्हिटॅमिन सीच्या जवळपास पोचला. तोच सुकवून सूर्यफुलाच्या तेलात 200 पीपीएम (दहा लाख भागांत 200 भाग) घातला, तर काही फरक पडला नाही. उलट खिडकीजवळची अर्क घातलेली बाटली साध्या तेलाच्या आधी खवट झाली. आणि जाता जाता, हीच पूड कॅप्सूलमध्ये भरून घेतली तर चालेल का?

तुमच्या अर्कात दोष असेल असं मला वाटत नाही. डीपीपीएचच्या आकड्यावरून तेलाचं भाकीत करता येत नाही, इतकंच. डीपीपीएच हे एक स्थिर, जांभळं फ्री रॅडिकल आहे, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू. ते मिथेनॉलमध्ये विरघळवतात, त्यात अर्क टाकतात आणि जांभळा रंग किती उतरला ते 517 नॅनोमीटरला मोजतात. सगळं एकाच द्रावणात, अंधारात, साधारण अर्ध्या तासात. हे रॅडिकल ना तेलात असतं, ना शरीरात. सालीतले मँगिफेरिन आणि क्वेर्सेटिनचे ग्लायकोसाइड (साखर जोडलेली पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगं) त्याला झटकन हायड्रोजन देतात, कारण रॅडिकल आणि ही संयुगं, दोन्ही तिथे नीट विरघळलेली असतात.

तेलात हे जमत नाही. साखर जोडलेले हे रेणू तेलात जवळजवळ विरघळत नाहीत. बाटलीचा तळ बघा, तपकिरी गाळ दिसेल. तुमचे 200 पीपीएम बहुतेक तिथेच बसलेत. शिवाय ते 200 पीपीएम पॉलिफिनॉलचे नाहीतच. पिकलेल्या सालीच्या कच्च्या अर्कात साखर आणि सेंद्रिय आम्लं भरपूर उतरतात. टीबीएचक्यू या कृत्रिम अँटिऑक्सिडंटला खाद्यतेलात सहसा 200 पीपीएमपर्यंत मुभा असते, म्हणून तुम्ही तो आकडा घेतला असावा. पण एकीकडे शुद्ध रसायन आणि दुसरीकडे अख्खा अर्क, ही तुलना बरोबरीची नाही. फोलिन चाचणीने एकूण पॉलिफिनॉल मोजून डोस त्यावर ठरवा. तीही व्हिटॅमिन सीला पॉलिफिनॉल समजते, हे धरून चाला.

आता खिडकीजवळची बाटली. मला तुमच्या निकालातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली. साल हिरवी होती का? इथेनॉलमध्ये पॉलिफिनॉलबरोबर क्लोरोफिलही उतरतं, आणि ते मात्र तेलात छान विरघळतं. प्रकाश पडला की क्लोरोफिल ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं, सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप) तयार होतो आणि तो तेलातल्या लिनोलिक या मेदाम्लाच्या दुहेरी बंधांवर थेट हल्ला करतो. म्हणजे रक्षक तळाशी झोपलाय आणि त्याच्याबरोबर आत आलेला चोर कामाला लागलाय. याशिवाय अर्कासोबत लोह किंवा तांबं आलं असेल, तर काही पॉलिफिनॉल त्या धातूंना जास्त क्रियाशील रूपात आणतात. तेही तेलाला घातकच.

खात्री करायची तर चार बाटल्या लावा: साधं तेल आणि अर्काचं तेल, दोन्ही उजेडात आणि दोन्ही अंधारात. जोडीला टोकोफेरॉल (व्हिटॅमिन ई) घातलेली एक ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? अंधारातल्या बाटल्या 60 अंशांच्या ओव्हनमध्येही चालतील. फक्त पेरॉक्साइड व्हॅल्यूवर, म्हणजे तेल बिघडताना आधी बनणाऱ्या पेरॉक्साइडच्या मापावर, थांबू नका. ती चढते आणि पुढे पेरॉक्साइड फुटायला लागले की उतरते, आणि उतरलेला आकडा बघून लोक खूश होतात. पेरॉक्साइड फुटून बनणारे पदार्थ मोजणारी अॅनिसिडिन व्हॅल्यू सोबत घ्या. क्लोरोफिल काढायला सुकी साल आधी हेक्झेनने धुता येईल, किंवा सरळ पूर्ण पिकलेली, पिवळी साल घ्या.

तेलच वाचवायचं असेल तर मी आंबा सोडून मँगोस्टीनची साल बघेन. तिच्यातला अल्फा-मँगोस्टिन बराच कमी ध्रुवीय आहे, म्हणजे पाण्याकडे कमी ओढला जातो, आणि तेलाशी त्याचं जमतं. रंबुतानच्या सालीत जेरानिइन हे पॉलिफिनॉल भरपूर, पण तेही पाण्यातच रमणारं. आंबाच हवा असेल तर पदार्थ बदला: खिमा, माशाचे तुकडे, सॉस, जिथे चरबीच्या शेजारी पाणी आहे. तिथे अर्काला चरबीपाशी पोचण्याचा मार्ग असतो. कडवटपणा आणि रंग येतो, तेवढं चाखून ठरवा.

साल वाळवण्याबद्दल एकच: कापल्यावर ती काळी पडते ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज एन्झाइममुळे, आणि तेव्हा तुमचा मालच खर्ची पडत असतो. आधी थोडी वाफ द्या, मग 50-60 अंशांना वाळवा.

कॅप्सूलचं उत्तर: नको. फवारणीचे अंश सालीवरच जास्त असतात. आंब्याच्या सालीत उरुशिऑलच्या (पॉयझन आयव्ही या वेलीतलं पुरळ उठवणारं द्रव्य) जातकुळीतली रिसॉर्सिनॉल संयुगं असतात, काहींना त्यांनी त्वचेवर पुरळ उठतं. आणि प्रयोगशाळेतला मोठा आकडा म्हणजे आरोग्य नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये आपली ओरॅक मूल्यांची (खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीची) यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, ती याच गैरसमजामुळे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला; निकाल 1994 मध्ये आला. ती साल नव्हती, मान्य. पण बीटा-कॅरोटिनही अँटिऑक्सिडंट म्हणूनच दिलं होतं.

साल हिरवी होती की पिवळी, आणि तळाशी गाळ आहे का, एवढं कळवा.