वर्गात दोन मास्तर आणि चिनीचा एक तास

या खेपेला तीन पत्रं एकाच विषयाची निघाली आणि तिन्ही सीमाभागातली, म्हणून ती एकत्रच घेतोय. बाकीच्यांची पुढच्या अंकात, राग मानू नये.

प्रश्न: नमस्कार सर, मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलला इंग्रजी शिकवते. आमच्या संस्थेने यंदा आठवी-नववीला दर शनिवारी चिनी भाषेचा तास चालू केलाय. शिकवायला एक तरुण सर येतात, ते शिक्षणासाठी चीनमध्ये राहून आलेत, बोलतात एकदम छान पण पोरं कशी धरायची ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून हेडमास्तरांनी मला को-टीचर म्हणून बसवलंय. को-टीचर म्हणजे काय तर मी मागं उभी राहून गप्प बसा, गप्प बसा करायचं. मला चिनीतलं ओ की ठो कळत नाही. वर्ग पन्नासच्या आसपास. शनिवार वाया चाललाय असं वाटतं, सरळ नाही म्हणून सांगू का?
(एक शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर: मॅडम, नाही म्हणू नका, पण ते गप्प बसा मात्र पुढच्या शनिवारपासून बंद करा. तेवढ्यासाठी बी.एड. झालेली बाई लागत नाही, पीटी मास्तरांची शिट्टी पुरते.

ही भानगड तुमच्याच शाळेत झालीय असंही नाही. जपानने 1987 साली जेट नावाचा कार्यक्रम काढून परदेशी तरुण शाळांत स्थानिक इंग्रजी शिक्षकांच्या जोडीला दिले, हाँगकाँगने 1998 ला साधारण तेच केलं आणि दक्षिण कोरियात तर 2012 पासून खास चिनीसाठी चीनहून आलेला शिक्षक आणि कोरियन शिक्षक अशी जोडी हायस्कुलात उभी राहायला लागली. तिथली जुनी तक्रार तुमच्या बरोबर उलटी आहे, परदेशी माणूस म्हणतो मला टेपरेकॉर्डर करून ठेवलाय, बटण दाबलं की वाक्य वाचायचं, बाकी सगळं स्थानिक शिक्षकाच्या हातात. तुमच्याकडे टेपरेकॉर्डर जोरात चाललाय आणि स्थानिक बाईंचा वॉचमन झालाय, एवढाच फरक.

आता तुम्हाला चिनी येत नाही हे खरं, पण त्या पोरांच्या कानात आधीच काय काय भरलंय ते तुम्हाला त्या सरांपेक्षा जास्त माहीत आहे, आणि इथंच तुमचं काम सुरू होतं. चिनीचे उच्चार रोमन लिपीत लिहायची पिनयिन नावाची पद्धत आहे, चीनने ती 1958 ला स्वीकारली. आपली पोरं ती बघतात आणि इंग्रजीसारखी वाचून मोकळी होतात. केवढ्याला हे विचारायचं वाक्य पोरगं वाचतं 'डुओ शाओ किआन', आणि फार महाग म्हणायचं असेल तर 'टाय गुई ले'. सर बिचारे दहादा म्हणून दाखवतात, पोरं दहादा तसंच म्हणतात. पण तुम्ही फळ्यावर देवनागरीत लिहा की, 'तुओ षाओ छ्येन' आणि 'थाय क्वेइ ल'. निम्मं भांडण तिथंच मिटतं. कारण पिनयिनमधलं बी म्हणजे आपला ब नाही, तो प आहे, आणि त्यातलं पी म्हणजे फळातला फ. तसंच डी-टी म्हणजे त-थ, जी-के म्हणजे क-ख, जे-क्यू म्हणजे च-छ. पेपरात बीजिंग छापतात ते बोलताना पेइचिंगच्या जवळ जातं ते त्यामुळंच. श्वास सोडून आणि न सोडता, हा फरक आपलं पोरगं, कडा आणि खडा यातला, अंगणवाडीत असल्यापासून ऐकतंय, कन्नड शाळेतलं पोरगंही ऐकतं. पिनयिनमधल्या झेडला तर चहातला च चालून जातो, चारातला नाही. हे सगळं सरांच्या लक्षात येणं अवघड, ते स्वतः इंग्रजीतून चिनी शिकलेले असणार.

पण देवनागरी पहिल्या काही आठवड्यांपुरतीच. पुढं पिनयिनच वाचायला लावा, नाहीतर पोरं कायमची त्या कुबडीवर चालतील आणि सूर कुठंच उमटणार नाही. सूर, म्हणजे आवाज चढवला-उतरवला की चिनीत शब्दाचा अर्थच बदलतो ते, हा पूर्ण सरांचा प्रांत, तिथं तुम्ही पोरांबरोबर बाकावर बसा. खरंच बसा, आणि मोठ्यानं म्हणा. मॅडमचंही चुकतंय आणि मॅडम परत म्हणतायत हे दिसलं की मागच्या बाकावरचा दांडगा पोरगाही तोंड उघडतो, हे मी इंग्रजीच्या वर्गात लई वेळा बघितलंय.

एक धडा सांगतो, दोघांनी मिळून करण्यासारखा. चिनीत विकत घेणे आणि विकणे ही दोन्ही क्रियापदं 'माय' अशीच ऐकू येतात, फरक नुसता सुराचा. घेताना आवाज खाली दाबून ठेवायचा (तिसरा सूर), विकताना वरून धाडकन खाली आणायचा (चौथा), आपण पोराला 'बस!' म्हणून दरडावतो तसा. सर भाजीवाले, तुम्ही गिऱ्हाईक, टेबलावर चार वांगी, दोन कांदे. तुम्ही म्हणायचं 'वो माय' आणि मुद्दाम सूर चुकवायचा, म्हणजे घ्यायला आलेल्या मॅडम विकायलाच बसल्या, सरांनी डोळे मोठे करून वांगी पाठीमागं लपवायची. पोरं हसतील आणि नेमकं कुठं हसायचं ते कळायला त्यांना सूर ऐकावाच लागेल. मग भाव. चिनी बाजारात 'चिन' नावाचं माप चालतं, एक चिन म्हणजे 500 ग्रॅम, म्हणजे आपला अर्धा किलो, त्यामुळं बेळगावच्या गणपत गल्लीत आईबरोबर बाजार केलेल्या पोराला वेगळं काही समजावायला लागत नाही. किंमत ऐकली की 'थाय क्वेइ ल' आणि घासाघीस सुरू. हा धडा एकट्या मास्तराला करता येत नाही, गिऱ्हाईक आणि दुकानदार दोन्ही तोच झाला तर तो तमाशा होतो.

बाकी पद्धती पुस्तकात भरपूर आहेत. मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक या अमेरिकन बायांनी दोन शिक्षकांच्या वर्गाचे सहा प्रकार पाडलेत, त्यातला एकानं शिकवायचं-दुसऱ्यानं फिरत मदत करायची हा सोपा म्हणून सगळीकडं तोच चालतो आणि तुमची गत त्यातूनच झालीय. पन्नास पोरांना मला गट करून फिरवणं बरं वाटतं. एक गट सरांपाशी बोलायला, एक तुमच्यापाशी अक्षरं गिरवायला आणि तिसरा आपापसात वाचायला, दर पंधरा मिनिटांनी गट बदलायचा. अक्षरं गिरवून घ्यायला चिनी यायलाच पाहिजे असं नाही, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडं हा मोठा नियम, अपवाद सरांकडून आधी लिहून घ्यायचे आणि गणिताच्या चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर.

आणि हे सगळं जमायचं तर शुक्रवारी वीस मिनिटं दोघांनी बसलं पाहिजे. हेडमास्तरांकडं पगारवाढ मागू नका, ही वीस मिनिटं मागा, टाइमटेबलात छापून मागा. ती नसली तर दोन मास्तर म्हणजे डबल गोंधळ.

प्रश्न: सर, आमचा मुलगा निपाणीत मराठी माध्यमात आठवीत शिकालाय. घरात मराठी, शाळेत कन्नड, इंग्रजी, हिंदी, आता म्हणे चिनी पण. मी वर्कशॉपमध्ये हाय, आमच्यात चिनी मशीन आलं तेव्हा त्याच्या पॅनेलवरचं मोबाईलनं फोटो काढून वाचलं, मग पोराला भाषा कशाला शिकवायची? मार्क तरी मिळणार काय? शेजारी म्हणालेत दुश्मनाची भाषा कशाला.
(एक पालक, निपाणी)

उत्तर: मार्क मिळणार नाहीत. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, पहिल्या भाषेचे 125 धरून एकूण 625 मार्क, त्यात आपल्या पोरांना चिनी कुठंही घेता येत नाही. दिल्लीच्या 2019 च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांच्या उदाहरणांत चिनीचं नाव होतं, 2020 ला पक्कं धोरण आलं तेव्हा कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन वगैरे राहिल्या, चिनी गळाली. त्यामुळं कुठल्या शाळेनं करिअर-करिअर म्हणून जादा फी मागितली तर देऊ नका. पोराचं कन्नड कच्चं असेल तर आधी कन्नड बघा, इथंच राहायचंय, इथंच ऑफिसात अर्ज लिहायचाय, त्यात वाद कशाला.

कन्नड बरं चाललं असेल आणि पोराला मजा येत असेल तर आठवड्याचा एक तास जाऊ द्या की. मोबाईल पॅनेल वाचून देतो, समोरच्या माणसाशी ओळख करून देत नाही. आणि दुश्मन म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची आठवण द्या, 1938 ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकून जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत राहिले आणि 1942 ला तिथंच वारले. नाहीतर असं सांगा की दुश्मन काय बोलतोय ते कळणारा माणूस आपल्यात असलेला बरा. शेजारी त्यावर गप्प होतात.

परीक्षाच द्यायची हौस असली तर शाळेतल्या मुलांसाठी वायसीटी नावाची परीक्षा आहे, पहिल्या पातळीला 80 शब्द लागतात. घाई नको.

प्रश्न: मी बेळगावात दोन शाळांत चिनी शिकवते. एका शाळेतल्या जोडीच्या बाई खूप चांगल्या आहेत, वर्ग त्यांच्यामुळंच चालतो, पण मी एक वाक्य बोलले की त्या लगेच त्याचं मराठी करून सांगतात. आता मुलं माझ्याकडं बघतच नाहीत, माझं बोलून झालं की सगळ्या माना बाईंकडं वळतात. त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, सांगायचं कसं?
(एक चिनी शिक्षिका, बेळगाव)

उत्तर: ताई, बाई मायेनं करतायत, पोरांना कळेना झालं की त्यांचा जीव वर-खाली होतो. त्यांना मराठी करू नका असं सांगितलंत तर त्या दुखावतील आणि मग दोन्ही हात बांधून बसतील, ते जास्त वाईट. त्यांना मराठी कुठं करायचं ते द्या.

वर्गात रोज लागणारी चार-पाच वाक्यं चिनीतच ठरवून टाका, ऐका म्हणजे 'थिंग', बघा म्हणजे 'खान', माझ्यामागून म्हणा म्हणजे 'कन वो ष्वो'. ती बाईंनाही शिकवा आणि वर्गात ती त्यांनीच म्हणायची, हातवारे करून, मराठीत नाही. हवं तर सुरुवातीला त्यांना चिठ्ठीवर लिहून द्या. शिस्त त्यांच्याकडंच राहते, फक्त भाषा बदलते, आणि पोरांना कान तुमच्या बाजूला लावावेच लागतात. गोष्ट किंवा संवाद चालू असताना मराठी बंद, संपल्यावर बाईंनी पोरांनाच विचारायचं काय झालं रे, आणि पोरांनी मराठीत सांगायचं. म्हणजे भाषांतर पोरांचं झालं आणि कुणाला काय कळलं नाही ते तुम्हाला फुकटात समजलं.

जिथं व्याकरण अडतं तिथं मात्र बाईंना पुढं करा, मनापासून करा. चिनीत मोजताना आकडा आणि वस्तू यांच्या मधे एक शब्द घालावाच लागतो, पुस्तकाला 'पन', माणसाला 'क', आणि तुम्ही तो चिनीत किंवा इंग्रजीत समजावत बसलात तर तास संपतो. बाई एका मिनिटात सांगतील की अरे आपण पाच जण म्हणतो की नाही, तसला जण त्यांच्यात पुस्तकालाही लागतो, टेबलालाही लागतो. झालं.

उच्चारात बाईंची चूक झाली तर वर्गात सुधारू नका, तेच वाक्य तुम्ही सगळ्या वर्गाकडून दोनदा म्हणवून घ्या, त्यांचं त्यांना कळतं. श आणि ष तर हमखास चुकणार, आपण लिहितो दोन आणि बोलतो एकच, चिनीत मात्र दोन्ही वेगळे बोलावे लागतात. आणि पिनयिनमधल्या दोन टिंबांच्या यूला आपल्याकडं जोडीच नाही, ई म्हणत म्हणत ओठ शिट्टी मारल्यासारखे करायचे, एवढं बाईंना स्टाफरूममध्ये चहा पिता पिता आधीच करून दाखवा, वर्गात पहिल्यांदा करायला लागलं तर मोठ्या माणसाला लाज वाटते.

दुसऱ्या शाळेत जोडीला कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. कुणीच नसेल तर हेडमास्तरांना सांगून कन्नडच्या मास्तरांना बोलावून बघा, त्यांना वेगवेगळ्या घरभाषांच्या पोरांचा एक वर्ग रोजच सांभाळावा लागतो.