स्टेशनवरचं लाउंज निवडताना

प्रतीक्षालय आणि लाउंज यांत गल्लत करू नका. उच्च श्रेणी प्रतीक्षालय तिकिटातच येतं, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. आयआरसीटीसीच्या एक्झिक्युटिव्ह लाउंजमध्ये तिकिटाच्या वर्गाला महत्त्व नाही, तासांवर पैसे पडतात. स्लीपरचा प्रवासीही तिथे बसू शकतो आणि फर्स्ट एसीवाल्यालाही पैसे मोजावेच लागतात.

तुलना करताना नुसता दर बघू नका. मूळ दरात काय येतं ते काउंटरवरच विचारा: चहा-कॉफी, वाय-फाय बहुतेकदा असतं, बुफे आणि अंघोळीचे पैसे सहसा वेगळे. बँकेच्या क्रेडिट-डेबिट कार्डावर विमानतळाचं लाउंज मिळतं म्हणून रेल्वेचंही मिळेल असं धरून चालू नका, बँकेची यादी आधी बघा. मोफत प्रवेश असला तरी कार्ड तपासायला 2 रुपये कापले जातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खरी फसगत अंतराची होते. नवी दिल्लीचं एक लाउंज फलाट 16 वर, अजमेरी गेटच्या बाजूला आहे. गाडी फलाट 1 वर लागली तर बॅगा घेऊन अख्खा पूल ओलांडायचा! अशा वेळी निदान 25 मिनिटं आधी उठा. आत घोषणा नीट ऐकू येतीलच असं नाही, त्यामुळे एनटीईएसवर (गाड्यांची ताजी माहिती देणारं रेल्वेचं ॲप) फलाट स्वतः तपासत राहा.

दोन गाड्यांच्या मध्ये अख्खी रात्र काढायची असेल तर लाउंजचा नाद सोडून रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनवरची मुक्कामाची खोलीच घ्या. त्यासाठी पीएनआर कन्फर्म किंवा आरएसी हवा, वेटिंगवर खोली मिळत नाही.