घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मॉडेल रेल्वे उभी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुमची शेड 10 बाय 8 फुटांची, वर पत्रा, आणि एचओ स्केलचे (म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, 1:87) रूळ-इंजिन मागवून झालेत, असं तुम्ही लिहिलंय. ते खोकं इतक्यात उघडू नका. आधी शेड हातात घ्या.

मी कर्जतचा. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, ती बघतच मोठा झालो. त्यामुळे परसातली लाकडांची शेड रिकामी झाली तेव्हा तिथे भोर घाटच करायचा हे ठरलेलं होतं. जानेवारीतल्या थंडीत रूळ टोकाला टोक भिडवून बसवले, सगळे सांधे सोल्डर केले. एप्रिलच्या एका दुपारी दार उघडलं तर भिंतीलगतचा सरळ रूळ सापासारखा नागमोडी झालेला, वळणावर खिळे उपटून वर आलेला. तीन महिन्यांचं काम होतं. फार वाईट वाटलं.

रुळाचा 914 मिमीचा एक तुकडा थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जेमतेम अर्धा मिमी वाढतो. पण असे आठ तुकडे जोडलेले, आणि त्याच वेळी खालचं लाकूड सुकून आकसतंय. मग रुळांनी जायचं कुठे? पावसाळ्यात उलटं. लाकूड फुगतं, सांधे सुटतात, रुळांतून इंजिनाला मिळणारा करंट तुटतो.

म्हणून पत्र्याखाली थर्माकोल लावून सिलिंग करून घ्या, समोरासमोर जाळीचे झरोके ठेवा, वाळवीचं औषध मारून घ्या. रुळांखालच्या फळीसाठी वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि रंग दोन्ही बाजूंना द्या. कडा तर अजिबात सोडू नका, ओल तिथूनच शिरते. जमलं तर एक पावसाळा नुसती फळी तशीच राहू द्या.

रूळ थंडीत बसवत असाल तर दोन तुकड्यांमध्ये दोन व्हिजिटिंग कार्डांएवढी फट ठेवा. सांध्यांच्या भरवशावर करंट सोडू नका, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्या. कंटाळवाणं काम आहे, पण नंतर इंजिन अडत नाही.

तुम्हालाही घाट हवाय म्हणून सांगतो. भोर घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर साधारण 8 सेंमी उंची लागते, म्हणजे जवळजवळ 3 मीटरची चढण. तुमची 10 फुटांची अख्खी भिंत त्यातच गेली! तेव्हा वरची लाइन थोडी चढवा, खालची थोडी उतरवा. आणि आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं 1,676 मिमीचं अंतर 1:87 ने 19 मिमीच्या वर येतं, तुमच्या रुळांमधलं 16.5 मिमी आहे. ते मनाला लावून घेऊ नका, गाडी धावायला लागली की डोळा सरावतो.

खडीसाठी नदीची वाळू मैद्याच्या चाळणीने चाळा. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घालून सिरिंजने सोडा. त्या थेंबाशिवाय पाणी वाळूवर मोत्यासारखं उभं राहतं, आत मुरत नाही.

फळी दोन फुटांपेक्षा रुंद नको, मागे घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचला पाहिजे. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा. आणि शेडचं दार आत उघडतं की बाहेर, ते कळवा. आत उघडत असेल तर दारासमोरचे रूळ आड येतील, म्हणून तिथे उचलून ठेवता येईल असा पूल करावा लागेल, त्याची मापं मी देतो.