वायर गार, पिन काळी

प्रश्न : २००० वॅटचा गीझर आहे. प्लगची एकच पिन दर दोन-तीन महिन्यांनी काळी पडते, जळका वास येतो. वायर गार असते, एमसीबीही (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. प्लग तीनदा बदलला. गीझर बिघडलाय का? (सांगली)

उत्तर : बहुधा सॉकेट बिघडलंय. २३० व्होल्टवर हा गीझर ८.७ अँपिअर घेतो. वायर, पिन, सॉकेट, कॉइल सगळी एकामागे एक जोडलेली, त्यामुळे करंट सगळीकडून तेवढाच जातो. उष्णता मात्र करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा. अडीच चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला ०.००७ ओहम, म्हणजे मीटरमागे जेमतेम अर्धा वॅट. सैल पिनेपाशी ०.३ ओहम जरी झाले, तरी तिथे जवळजवळ २३ वॅट तयार होतात, तेही हरभऱ्याएवढ्या जागेत. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, यावरून काय ते समजा.

तापलं की सॉकेटमधली पितळी पकड ढिली पडते, धातूवर काळा थर चढतो, रेझिस्टन्स वाढतो आणि पिन आणखी तापते. जुन्या सॉकेटमध्ये नवा प्लग घातला, की तोही त्याच वाटेने जातो. एमसीबीला दोष देऊ नका. तो करंट बघतो आणि सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो.

सॉकेट आणि प्लग दोन्ही एकदम बदला, दोन्ही १६ अँपिअरचे. एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करा. वायरची काळवंडलेली टोकं कापून टाका आणि चकचकीत तांबं दिसेल असं नवं टोक सोला. तारा पिळून आत घाला. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, इन्सुलेशनवर नव्हे. बरेच जण ‘पक्कं व्हावं’ म्हणून टोकाला कथील लावतात. ते करू नका, कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू पुन्हा सैल होतो. वायर ओढून बघा, हलता कामा नये. मग गीझर पंधरा मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनेला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

प्रश्न : १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मल्टिमीटरवर ४० ओहम दाखवतो. हिशेबाने (२३० चा वर्ग भागिले ४०) तर तो १३०० वॅटचा निघतो! मीटर खराब आहे का? (चिपळूण)

उत्तर : मीटर बरोबर, हिशेबही बरोबर, फक्त बल्ब थंड आहे. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि रेझिस्टन्स ५२९ ओहमवर, म्हणजे तेरापट पोहोचतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी ती तार थंड असल्याने करंट कितीतरी पट जास्त जातो. असले बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतात, ते यातच आलं. एलईडी बल्ब असा मोजू नका. आत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट असतं, आकडा निरर्थक येतो.

गीझरच्या कॉइलमधल्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या) तारेचा रेझिस्टन्स तापल्यावरही फारसा बदलत नाही. म्हणून सांगलीच्या वाचकांनीही प्लग काढून, थर्मोस्टॅट चालू स्थितीत ठेवून दोन बारीक पिनांमध्ये मोजावं. २६ ओहमच्या आसपास यायला हवेत. मग २००० किलोओहमच्या (२०००k) रेंजवर एकेक बारीक पिन आणि जाड अर्थची पिन यांच्यामध्ये मोजावं. तिथे आकडा आलाच, तर मात्र गीझरमध्येही दोष आहे. तो दुरुस्त होईपर्यंत चालू करू नका.